तळं पास झालं म्हणे

लिफ्टचं दार मिटत आलं होतं तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आत शिरले. त्यांच्या हातातल्या पिशवीत औषधांच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. ती थोडी सरकली. काका म्हणाले, "अभिनंदन. आपलं तळं पास झालं म्हणे." ती सवयीनं हसली आणि तेच हसू तोंडावर घेऊन वर जात राहिली. मग आतून कुणीतरी चिमटा काढावा तसं झालं. "कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. तोवर तिचा मजला आला होता. "कळतं हो," काका म्हणाले, आणि ती बाहेर पडल्यावर दार मिटलं. मिटत्या फटीत त्यांचं हसणं अगदी शेवटपर्यंत दिसत राहिलं.

कळण्यासारखं ते नव्हतंच. शहरातली लहान तळी जिवंत आहेत का, उन्हाळे असेच चढत गेले तर ती कितपत तग धरतील, हे तपासणं तिच्या कचेरीचं काम होतं. नकाशावर ठिपक्याएवढीही न उमटणारी तळी. शाळेमागचं एखादं, कारखान्याच्या कुंपणातलं एखादं, दोन रस्त्यांच्या बेचक्यात अडकून पडलेलं एखादं. पाणी किती तापतं, त्यात ऑक्सिजन किती, पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी किती खोलवर दिसते, गाळ कसा, मासे कोणते, किडे कोणते, असं सगळं बघून शेवटी एकच शब्द लिहायचा असे. चांगलं, मध्यम किंवा वाईट. लोक त्याला पास-नापास म्हणत. घरामागचं तळं तिनं स्वतःकडे ठेवलं नव्हतं. ज्या पाण्याकडे बघत आपण सकाळचा चहा पितो त्याला आपणच गुण द्यावेत हे तिला बरं वाटेना, म्हणून तिनं ते बगळ्याकडे दिलं. बगळा तिचा सहकारी. लांब पायांचा, पाण्यात एका जागी खूप वेळ न हलता उभा राहू शकणारा, म्हणून कचेरीनं ठेवलेलं नाव. ते इतकं मुरलं होतं की फोनवर तो स्वतःच "मी बगळा बोलतोय" म्हणे. बगळ्यानं तळ्याला 'चांगलं' लिहिलं होतं ते नुकतंच. साहेबांनी अजून पाहिलंही नव्हतं. म्हणजे ते फक्त दोघांना ठाऊक होतं, तिला आणि बगळ्याला. आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर हिरवे पत्रे ठोकून वाट बघत बसलेल्या लोकांना ते आधी ठाऊक व्हायला नको होतं. कारण चांगलं तळं काठावरचं बांधकाम सोसू शकतं असं नियम धरून चाले, आणि हे तसं निघालं तर तिथे उंच इमारती उठवायला त्यांना मोकळीक मिळणार होती.

घरात नवरा ओट्याशी उभा राहून कांदा चिरत होता. तिनं चपला काढल्या, पिशवी ठेवली, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू वरच्या काकांना काही बोललास का, तळ्याबद्दल?" त्यानं सुरी थांबवली. "मला काय ठाऊक तळ्याबद्दल? तू मला सांगतेस कुठे काही." हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. तो नुसतं म्हणाला आणि पुन्हा चिरू लागला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. शर्टाची शिवण एका खांद्यावर उसवली होती. हा माणूस खोटं बोलतो तेव्हा कसा दिसतो हे आपल्याला माहीतच नाही, असं तिला वाटलं. एवढ्या वर्षांत एकदाही पकडला नाही, म्हणजे तो खोटं बोलतच नसेल, किंवा फार चांगलं बोलत असेल. मग तिनं गॅलरीत जाऊन पाहिलं की तिथे फोनवर बोललेलं वर ऐकू जात असेल का. वरच्या गॅलरीचा तळ दिसला, आणि त्याच्या कडेला पुसट उजेड. खाली तळं होतं. संध्याकाळच्या वेळी त्याचं पाणी इतकं नितळ दिसे की काठावरच्या दिव्यांचे खांब त्यात उलटे, जसेच्या तसे उभे असत. माणसं काठाकाठानं फिरत होती. सगळं चांगलं होतं. तिला नेमकं तेच आवडलं नाही.

चांगल्याची तिला भीती वाटे. लहानपणी बाबांनी तिला पोहायला शिकवलं ते गावाबाहेरच्या एका खाणीत साचलेल्या पाण्यात. वरचं पाणी उन्हानं कोमट, अंगाला लागत नाही असं; आणि पाय खाली सोडले की गुडघ्यांपासून एकदम गार, काळं, दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं पाणी. बाबांचा तळहात तिच्या पोटाखाली असे. "धरलंय मी, धरलंय," ते म्हणत. एक दिवस तो आवाज थोडा लांबून आला. तिनं मान वळवून पाहिलं तर बाबा मागे, काठाजवळ, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे, आणि तरी म्हणत होते, "धरलंय." ती बुडाली नाही, पोहत गेली. काठावर सगळे हसले, आत्यानं टाळ्या वाजवल्या, घरी गेल्यावर आईला सांगितलं की पोरगी पोहायला लागली. तिला मात्र पोटाखालची ती मोकळी जागा आठवत राहिली. पोहता येतं हा आनंद तिला कधी झाला नाही. तो हात कधी निघाला, नेमका कोणत्या क्षणी, हे कळलं नाही, एवढंच तिला कळलं. त्यानंतर कुणी "मी आहे ना" म्हटलं की ती आधी पोटाखाली चाचपून बघे. लग्नातही, नोकरीतही. नवऱ्यानं एकदा गमतीनं म्हटलं होतं, तुला देव भेटला तर तू त्याचं ओळखपत्र मागशील. ती हसली होती, पण मागितलं असतं हे खरं.

दुसऱ्या दिवसापासून ती बगळ्याला बघू लागली. आधी ती त्याच्याशी बोलत असे. आता बघू लागली. तो फोन टेबलावर पालथा ठेवतो, हे तिला नव्यानं दिसलं. त्याचे बूट नवे होते. जेवणाच्या सुट्टीत तो खाली जाऊन कुणाशी तरी बोलून आला आणि वर येताना जिन्यात शीळ घालत होता. तिनं त्या तळ्याचे आकडे पुन्हा उघडून पाहिले. दर महिन्याच्या भेटीला ऑक्सिजन भरपूर. तबकडी थेट तळापर्यंत दिसलेली. तळाशी हिरव्यागार पाणवनस्पती, वर नितळ पाणी. एकही आकडा वेडावाकडा नाही. खऱ्या तळ्याचे आकडे असे नसतात. खरं तळं कधीतरी रुसतं, एखाद्या महिन्यात उगीच खाली येतं. हे म्हणजे शाळेतल्या त्या मुलासारखं, ज्याच्या वहीत कधी खाडाखोडच नसते. "ताई, काही राहिलंय का त्यात?" बगळ्यानं समोरून विचारलं. तिनं पडद्यावरचं पान घाईनं मिटवलं, आणि आपण ते घाईनं मिटवलं हे त्यानं पाहिलं हेही तिला दिसलं. "नाही रे. सहज," ती म्हणाली.

विचारता आलं असतं. तळ्याचं तू कुणाला बोललास का, एवढं एकच वाक्य. पण विचारलं की तो "नाही" म्हणणार, आणि त्या "नाही"चं काय करायचं हे तिला ठरवता येईना. म्हणून ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब कुंडीतल्या रोपाची पिवळी पानं खुडत होते. ती म्हणाली, घरामागचं तळं मी जरा स्वतः बघते, बगळ्याला तूर्त दुसरं काहीतरी द्या. साहेबांनी वर पाहिलं. "काही आहे का?" "नाही, तसं काही नाही." हे म्हणताना तिचा आवाज किंचित खाली आला. तो तिनं आणला की आपोआप आला, हे नंतर तिनं स्वतःला खूपदा विचारलं. साहेबांनी हातातलं पिवळं पान कचऱ्याच्या टोपलीत टाकलं आणि म्हणाले, "बरं. समजलं." काय समजलं हे तिनं विचारलं नाही. दुपारी बगळ्याला जुन्या नमुन्यांच्या खोलीत बसवलं गेलं. तिथे खिडकी नव्हती. भिंतभर बरण्या, आणि बरण्यांत मेलेले किडे. त्याचं काम चिठ्ठ्या बदलायचं. दोन दिवसांत कचेरीत लोक त्याच्याशी जरा जास्तच नीट बोलू लागले. कुणी त्याला बगळा म्हणेना. तो तिच्या टेबलापाशी आला, गमबूट आणि ऑक्सिजन मोजायचं मीटर खाली ठेवलं. "ताई, माझं काही चुकलं का?" "नाही रे. साहेबांनी जरा कामं इकडची तिकडे केली." तो उभा राहिला. आणखी काही येईल म्हणून उभा राहिला असावा. मग गेला. त्याचे नवे बूट चालताना करकरत होते, आणि त्या आवाजानं तिला क्षणभर बरं वाटलं. याची तिला लगेच शिसारी आली.

पहिल्याच मोकळ्या दिवशी ती स्वतः तळ्यात उतरली. नियमाप्रमाणेच, म्हणजे ऊन चढल्यावर, दुपार व्हायच्या आत. तिनं मीटरची तार पाण्यात सोडली. ऑक्सिजन नऊच्या वर. तबकडी खाली जात जात गाळावर टेकली तरी दिसत होती. पाणवनस्पतींच्या पानांवरून बारीक बुडबुडे वर येत होते, आणि प्रत्येक बुडबुड्यात ऊन होतं. बगळ्यानं लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण संशयाचं असं होतं की एका माणसाच्या अंगावरून उतरवला तरी तो जमिनीवर ठेवता येत नाही. त्याला दुसरं कुणीतरी लागतंच. मांड्यांना लागणारं पाणी तिला फार कोमट वाटलं. आंघोळीचं ठेवून विसरलेलं पाणी असावं तसं. तिनं हात खांद्यापर्यंत खाली घातला. खालीही तसंच कोमट. गार पाणी कुठे नव्हतंच. पाण्यातली इतकी झाडं दिवसा एवढा ऑक्सिजन सोडतात, तर रात्री, ऊन नसताना, तीच झाडं तो परत ओढून घेत असणार. खालचा गाळही ओढत असणार. आणि रात्रीही थंड न होणारं पाणी तो धरून ठेवणार किती? आपण या तळ्याला नेहमी त्याच्या चांगल्या वेळीच भेटायला जातो, हे तिला तिथे उभं असताना कळलं. नियम ज्यांनी केला त्यांच्या काळी रात्री गार असत. तेव्हा ती वेळ बरोबरच होती.

ती पहाटे उठली. नवरा कुशीवर वळून म्हणाला, "कुठे?" "तळ्यावर." "मी येऊ?" तिनं नको म्हटलं, आणि दाराशी पोचल्यावर तिला वाटलं की नको का म्हटलं. बाहेर उजाडू लागलं होतं, पण हवा रात्रभर न हललेल्या खोलीसारखी होती. काठाशी येताच तिला आवाज ऐकू आला. कुणीतरी ओठांनी हलकेच पुटपुटावं तसा, पण सगळीकडून. पाण्याच्या पृष्ठभागावर मासे आले होते. शेकडो तोंडं, लहान-मोठी, उघडत होती, मिटत होती, हवा गिळत होती. ती गमबूट घालून पाण्यात शिरली तरी ते पळाले नाहीत. पळायला लागणारी ताकद त्यांच्यापाशी नव्हती. एक मासा तिच्या गुडघ्याला घासून गेला आणि पुन्हा तोंड वर करून तिथेच थांबला. मीटरचा आकडा खाली येऊ लागला. पाच, तीन, दोन. दोनच्याही खाली जाऊन तो थोडा डगमगला आणि स्थिर झाला. कुणी लबाडी केली नव्हती. रोज दिवसा हे तळं सुंदर असायचं आणि रोज पहाटे ते मरणाच्या दारापर्यंत जाऊन यायचं. एखादी रात्र आणखी थोडी गरम गेली तर ते परत येणार नव्हतं. एवढे दिवस ती माणूस शोधत होती. माणूस सापडला असता तर किती सोपं झालं असतं.

"खेळतायत ना?" काठावरून आवाज आला. वरच्या मजल्यावरचे काका होते, हातात दुधाची पिशवी. ती पाण्यातून बाहेर आली. "काका, तळं पास झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" काका चपापले. "तुमच्या कचेरीतल्या त्या उंच मुलानं. त्याला बोलू नका हं काही. तो सांगतच नव्हता. मीच मागे लागलो." मग ते काठावरच्या कट्ट्यावर टेकले आणि बोलत राहिले. काकूंना आता पलंगावरून उठवत नाही. पलंग खिडकीशी आहे. झोप नाही, म्हणून त्या तळं बघतात. पलीकडे पत्रे लागल्यापासून त्यांनी एकच घोशा लावला होता, तळं राहील ना, तळं राहील ना. "मी त्या मुलाला म्हटलं, बाबा रे, मला अधिकृत काही नको, फक्त तिला सांगण्यापुरतं सांग. तो म्हणाला, काकूंना सांगा, चांगलं आहे. बास, एवढंच. मी मूर्ख, लिफ्टमध्ये तुमच्याशी बोलून बसलो. आनंद झाला होता हो. ती त्या दिवशी बसून जेवली."

तिनं मीटरची तार गुंडाळायला घेतली. "खेळतायत असं कोण म्हणतं?" तिनं विचारलं. "तीच. रोज पहाटे मासे वर येतात म्हणते. एवढे मासे आधी नव्हते, वाढलेत म्हणते." "कधीपासून?" "ते तिलाच विचारा. चला ना वर. कुणी येत नाही आताशा."

खोलीत औषधांचा आणि नुकत्याच धुतलेल्या चादरीचा वास होता. काकू उशांना टेकून बसल्या होत्या, खूप लहान झालेल्या. तिनं त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हा त्या जिन्यात तिच्याशी नळाच्या पाण्यावरून भांडल्या होत्या. "ये," काकू म्हणाल्या. "इथून तू दिसत होतीस. पाण्यात उभी." खिडकीतून सगळं तळं दिसत होतं, तिच्या गॅलरीतून दिसतं त्यापेक्षाही जास्त. ती पलंगाच्या कडेला बसली आणि विचारू लागली. मासे कधीपासून येतात, रोज येतात की अधूनमधून, किती वेळ असतात. काकू आठवून आठवून सांगत होत्या. पंखा पहिल्यांदा रात्रभर चालू ठेवावा लागला, तेव्हापासून. ढग असले की जास्त. ऊन तळ्यावर पडलं की हळूहळू खाली जातात. ती जे विचारायला आली होती ते सगळं तिला मिळालं, आणि प्रत्येक उत्तरानिशी काकूंचे डोळे तिच्या तोंडावर जास्त जास्त घट्ट खिळत गेले. मग त्या बोलायच्या थांबल्या. "अहो, चहा टाका जरा हिला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. काका आत गेल्यावर त्यांनी तिचं मनगट धरलं. हात कोरडा, हलका. "ते खेळत नाहीत ना?"

"हे बघ," काकू म्हणाल्या, "माझे रिपोर्ट सगळे चांगले आहेत. डॉक्टर म्हणतो चांगले, हे म्हणतात चांगले, मुलगी फोनवर म्हणते चांगले. चांगले रिपोर्ट घेऊन मी इथे पडून आहे. मला कळत नाही असं नाही. पण त्यांना ते म्हणणं गरजेचं आहे, म्हणून मी म्हणू देते. तळ्याचं तरी कुणीतरी मला खरं सांगा." आतून कपबशीचा आवाज आला. तिला वाटलं, या बाईला दुसऱ्यावर संशय घेण्याची इतकी सवय झाली आहे, आणि तरी तिनं एकालाही त्याच्या जागेवरून उठवलेलं नाही. "गुदमरतायत, काकू," ती म्हणाली. "रात्री पाणी निवत नाही. पहाटेला त्यांना श्वास पुरत नाही, म्हणून वर येतात." काकूंनी खिडकीकडे पाहिलं. ऊन अजून पाण्यापर्यंत आलं नव्हतं. "म्हणजे मी रोज मजेत बघत होते," त्या म्हणाल्या. "वाचेल?" "माहीत नाही. वनस्पती काढून, गाळ उपसून, काठाला सावली करून बघता येईल. आधी ते नापास तरी करायला हवं. पलीकडचं बांधकाम मग अडेल." काकूंनी तिचं मनगट सोडलं. "कर मग," त्या म्हणाल्या. "यांना मात्र सांगू नकोस. यांच्यासाठी मासे खेळू देत."

कचेरीत ती साहेबांकडे जाण्याआधी जुन्या नमुन्यांच्या खोलीत गेली. बगळा पुढ्यात बरण्या मांडून बसला होता. पाय त्या टेबलाखाली मावत नव्हते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लिफ्टमधलं, फोन पालथा ठेवण्याचं, बुटांचं, साहेबांच्या खोलीतल्या "तसं काही नाही"चं. मग पहाटेचे आकडे. तो आकडे ऐकताना पुढे वाकला. आधीचं ऐकताना हललाही नव्हता. सगळं झाल्यावर म्हणाला, "काकांना मी बोललो ते चुकलंच. ते मी कबूल केलं असतं." मग बरणीचं झाकण घट्ट असतानाही त्यानं ते पुन्हा एकदा आवळलं. "तुम्ही मला विचारलं का नाही, ताई?" तिच्याजवळ खरं उत्तर होतं, पण ते इतकं लाजिरवाणं होतं की तोंडातून निघेना. विचारलं असतं तर विश्वास ठेवावा लागला असता. ती म्हणाली, "साहेबांना मी आत्ता सांगते. तुझ्यासमोर सांगते, चल." तो उठला. साहेबांनी ऐकून घेतलं, नियमातली वेळ बदलायला वर कळवावं लागेल म्हणाले, पण पहाटेच्या आकड्यांवर तळं 'वाईट' लिहायला हरकत घेतली नाही. बगळ्याकडे बघून ते म्हणाले, "अहो, माझ्या मनात तसं काही नव्हतंच." बगळा फक्त "हो सर" म्हणाला.

पुढच्या पहाटे दोघं तळ्यावर होते. आकडे एका दिवसाचे पुरत नाहीत, ओळीनं घ्यावे लागतात. बगळा पाण्यात उतरला, माशांच्या तोंडांमधून वाट काढत मध्यापर्यंत गेला आणि तिथे आपला नेहमीसारखा न हलता उभा राहिला. ती काठावर कागद घेऊन बसली. इतकी वर्षं त्यांची रीत अशी होती की तो पाण्यातून आकडा ओरडून सांगे आणि ती मान वर न करता लिहून घेई. कधी मध्ये एखादा विनोद करी, तर तोही ती चुकून लिहू लागे. आता तिनं पेन टेकवून ठेवलं आणि त्याच्या आवाजाची वाट बघत राहिली. आवाज आला नाही. तिनं मान वर केली. तो परत येत होता, एकेक पाऊल सावकाश टाकत, पडद्यावर थांबवून ठेवलेला आकडा चुकून पुसला जाऊ नये म्हणून. काठाशी येऊन त्यानं मीटर तिच्यासमोर धरलं आणि त्याचा पडदा तिच्याकडे फिरवला.

"तुम्हीच वाचा," तो म्हणाला.

तिनं वाचलं, लिहिलं. तो पुन्हा आत गेला, दुसऱ्या जागी तार सोडली, आणि पुन्हा तेवढंच अंतर चालत काठाशी आला. ती म्हणाली, "अरे, तिथूनच सांग. मी लिहिते." तो म्हणाला, "असू दे, ताई." त्याच्या आवाजात राग नव्हता. पडदा तिच्याकडे होता, हिरव्या उजेडात आकडा स्पष्ट दिसत होता, आणि तो स्वतः दुसरीकडे, पाण्याकडे बघत होता.